मफलरची मान

६ फेब्रुवारी

सूनबाई,

वर 'प्रिय' लिहिलं नाही, कारण ते वाचून तू नाक मुरडलं असतंस. फोन तू उचलत नाहीस. मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून जगाचे फोन जोडून दिले आणि आता घरातल्याच बाईला माझा फोन लागत नाही. म्हणून तुझ्या बहिणीच्या पत्त्यावर हे पत्र. माफी मागायला लिहिते आहे असं मात्र समजू नकोस. भांडलीस तू तुझ्या नवऱ्याशी. मी त्यात कुठेच नव्हते, तरी माझ्याशीही अबोला धरून गेलीस.

लिहिते आहे ती तुझ्या कोंबड्यांसाठी. जाताना दाण्याची बादली माझ्या पुढ्यात ठेवलीस आणि म्हणालीस, "जागा मिळाली की यांना न्यायला येईन. तोवर बघा." बघा म्हणजे काय? इतकी वर्षं तू या सिल्की कोंबड्या वाढवल्यास, पण मी कधी खुराड्यात पाऊल टाकलं नव्हतं. लांबून मला त्या कोंबड्या वाटायच्याच नाहीत. कुणी उशी फाडून अंगणात कापूस उधळलाय असं वाटायचं. आता रोज सकाळी दार उघडते आणि तो सगळा कापूस माझ्या पायांत घुटमळतो. तुझा कोंबडा, तो साहेब, सगळ्यांत शेवटी बाहेर येतो. आधी मला नीट न्याहाळतो आणि मगच दाण्याला चोच लावतो. डोक्यावरचा झुपका डोळ्यांवर आलाय, त्याला मी कितपत दिसते कोण जाणे, पण तोरा बघावा.

परवा तुझ्या त्या गादी नावाच्या कोंबडीने माझ्या तोंडचं पाणी पळवलं. कोपऱ्यात चपटी होऊन बसली होती, खाईना, पिईना, हात लावला तर अंग फुगवून गुरगुरली. मी म्हटलं, संपली ही. टॉवेलात गुंडाळून स्वयंपाकघरात आणली, चमच्याने पाणी पाजलं, मांडीवर घेऊन बसले. तुझा नवरा दुकानातून आला आणि हसून हसून भिंतीला टेकला. म्हणाला, "अगं आई, ती आजारी नाही, खुडूक झालीय. अंडी उबवायला बसलीय ती." मी विचारलं, अंडी कुठे आहेत? जाऊन बघितलं तर तिच्या जागेवर दाराची एक जुनी चिनीमातीची मूठ. बाई ती मूठ उबवत होती! तिला परत नेऊन त्या मुठीवर बसवलं. तुझ्या कोंबड्यांना देवाने झुपका दिला, त्याखाली काही ठेवायला तो विसरला बहुतेक.

त्या दिवशी तो हसला हे तुला मुद्दाम लिहिलं. बऱ्याच दिवसांनी हसला. पण पुढचं ऐक. अंगणात टायर यायला लागले आहेत. दुकानात मावत नाहीत म्हणून आधी भिंतीशी एक चळत लागली, मग तुझ्या पिल्लांच्या खोलीत, आता खुराड्याच्या जाळीला टेकून दुसरी. तिथे पक्कं गोदाम बांधायचं त्याच्या मनाने घेतलंय. सोळा तारखेला तुमच्या त्या कोंबडीपालक मंडळाचे सेक्रेटरी येणार आहेत. साहेब आणि चांगल्या माद्या ते नेतील, उरलेल्या ज्याला हव्या त्याने न्याव्या, असं ठरलंय. मला कुणी विचारलं नाही. तुला कळवू नकोस असंही कुणी सांगितलं नाही, म्हणून कळवते आहे.

उत्तर लगेच टाक. कोंबड्या सगळ्या ठीक आहेत.

तुझी सासू


११ फेब्रुवारी

सूनबाई,

उत्तर नाही. ठीक आहे. माझी लिहायची खोड काही एवढ्यात जात नाही.

'सगळ्या ठीक आहेत' असं लिहिलं होतं, ते पुरतं खरं नव्हतं. ती राखाडी तलंग आहे ना, अजून अंड्यावर न आलेली, गळ्याशी जाड पिसांचा पट्टा असलेली, जिला तू नाव न देताच गेलीस? मी तिला मफलर म्हणते. तिची मान वाकडी झाली आहे. पहिल्या दिवशी नुसती एका बाजूला कललेली होती, मला वाटलं ऐटीत बघतेय. दुसऱ्या दिवशी डोकं पार पाठीवर गेलं. चालायला गेली की मागे मागे सरकते आणि कोलांटी खाऊन पडते. दाणा समोर असून चोच आभाळाकडे. मला ते बघवेना. टोपलीत घालून तडक जनावरांच्या दवाखान्यात गेले.

तिथली डॉक्टरीणबाई लहान वयाची आहे पण कामाची आहे. तिने मफलरचा झुपका बाजूला केला आणि माझं बोट धरून तिच्या टाळूवर टेकवलं. "आजी, हळूच. इथे हाड नाही. या जातीत बऱ्याच जणींची कवटी वर पुरती जुळलेलीच नसते. कुणीतरी इथे चोच मारली असणार." माझ्या बोटाखाली ते मऊ मऊ हललं आणि मी बोट झटकन मागे घेतलं. असल्या उघड्या डोक्याने ही दिवसभर भांडखोर बायकांत वावरते! मग तिने खूप प्रश्न विचारले. पाय ओढते का? एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडते का? आणखी कुणी तशी आहे का? एवढ्यात कुणी दगावली का? मी सगळ्याला नाही म्हटलं. म्हणाली, "मग घाबरू नका. तसं असतं तर मरेक्सची शंका घ्यावी लागली असती. तो रोग एकदा शिरला की खुराडी ओस पडतात आणि पाळणारे त्या घरचं पिल्लू दारात उभं करत नाहीत. हिला फक्त ताकद आणि वेळ हवा."

तेव्हापासून ती माझ्या खोलीत आहे. जीवनसत्त्वाची गोळी टोचून तेल जिभेवर टाकते, उकडलेल्या अंड्याचं पिवळं भरवते. (कोंबडीला अंडं भरवताना मला फार चमत्कारिक वाटतं, पण डॉक्टरीणबाईचीच आज्ञा आहे.) टॉवेलाची वळकटी करून मानेला दोन्हीकडून टेकू दिलाय. पाणी ड्रॉपरने, एकेक थेंब, घाई केली की ठसका लागतो. तुला हे सगळं पाठ असेल. मला एकेक गोष्ट नव्याने शिकावी लागते आहे आणि विचारायला कुणी नाही.

काल जेवताना तुझ्या नवऱ्याशी माझं वाजलं. मी म्हटलं, "तिच्या कोंबड्या तिला न विचारता द्यायच्या नाहीत."

"ती विचारायला आहे कुठे इथे?"

"मग तिला तसं कळव."

"तू कळवतेयस ना. काय म्हणाली?"

तो ताट घेऊन उठला. जाता जाता म्हणाला, "आई, तुझी खोलीपण वरच्या मजल्यावर हलवू. खाली टायरांचा वास मारतो, तुला त्रास होईल." वर जायचा जिना तुला माहीत आहे आणि माझे गुडघेही. वाईट बोलला नाही गं तो. काळजीनेच बोलला. पण सबंध दुपार मला जाळीला टेकलेले ते टायर दिसत राहिले.

रविवार तोंडावर आलाय. दोन ओळी तरी लिही. साहेबाला देऊ नका, एवढंच लिहिलंस तरी माझ्या हातात काहीतरी असेल.


१६ फेब्रुवारी

सूनबाई,

साहेब घरी आहे. सगळ्या घरी आहेत. आधी हे वाच, मग श्वास घे, मग पुढचं.

सेक्रेटरी आले ते पांढरे गमबूट घालून, खिशात छोटी टॉर्च. माणूस जाणकार आहे. कापडाच्या दुकानात सूत बघावं तसं त्यांनी साहेबाला उलटंपालटं करून बघितलं. पायाची बोटं फाकवून पाचही नीट सुटी आहेत का ते पाहिलं, पिसांत फुंकर घालून आतली काळी कातडी पाहिली, कानाची निळी पाळी अंगठ्याने चोळून पाहिली, मी काही रंग लावलाय की काय असं! मग तुझ्या नवऱ्याला म्हणाले, "या कोंबड्याने पुढच्या प्रदर्शनात पहिला नंबर काढला नाही तर मला सांगा." आणि गाडीतून पिंजरा आणायला वळले. साहेब त्यांच्या काखेत होता. त्याने ओरडावं, चोच मारावी, काहीतरी करावं की नाही? शहाणा शांत बसून राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी आत गेले आणि मफलरला घेऊन आले. मानेचा टेकू काढला. लगेच तिचं डोकं पाठीवर गेलं.

सेक्रेटरी जागच्या जागी थांबले. "हिला काय झालं, काकू?"

"काय माहीत. अशाच होताहेत."

"अशाच म्हणजे? किती?"

"चार आहेत. दोघी मागच्या आठवड्यात गेल्या."

"पाय ओढतात?"

"ओढतात. एक पुढे, एक मागे."

डॉक्टरीणबाईचे सगळे प्रश्न मला तोंडपाठ होते, फक्त या वेळी उत्तरं उलटी दिली. साहेबाला त्यांनी असा खाली ठेवला, जणू हातात निखाराच होता. नळावर बूट घासले, हात घासले, टॉर्चसुद्धा धुतली, आणि फाटकाबाहेर उभं राहून म्हणाले, "इथलं एक पीसही बाहेर जाऊ देऊ नका." गाडी गेली.

तुझा नवरा माझ्याकडे बघतच राहिला. "आई, हे कधी झालं? मला का नाही सांगितलंस?"

"तू खुराड्याकडे बघतोस कधी?"

मी मफलरला घेऊन आत आले, दार लावून घेतलं आणि पोट धरून हसले. एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं दुसऱ्यांची बोलणी कानावर पडली आणि मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. खोटं बोलायची माझी ताकद सगळी शिल्लकच होती बघ! आता त्या कोंबड्यांना कुणी फुकटसुद्धा नेणार नाही. तू सावकाश जागा शोध.

तुझ्या सासूला तू काय समजतेस ते मला माहीत आहे. आजपासून थोडं बदल.


२० फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र मिळालं. एवढं झालं तरी फोन केला नाहीस, जलद टपालाने चार ओळी पाठवल्यास. त्या मी इतक्या वेळा वाचल्या की आता डोळे मिटले तरी दिसतात. 'आपल्याकडून पिल्लं नेलेल्या बेकरीवाल्यांचा फोन आला होता. आपल्या घरात मरेक्स आहे असं मंडळात सगळ्यांना सांगितलं गेलंय. त्यांच्याकडची सगळी पिल्लं आपल्या साहेबाची आहेत, ते रविवारी सगळी मारून टाकणार आहेत. खरं काय ते कळवा.' खाली सहीसुद्धा नाही. माझं सोळा तारखेचं पत्र तुला तोवर मिळालं नसणार.

खरंच सांगते, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले ती उठवेना. मला वाटलं होतं, खोटं फाटकापाशी संपलं. ते गमबूट घालून गावभर फिरेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या कोंबड्या वाचवायला निघाले आणि दुसऱ्याच्या घरातल्या तुझ्याच कोंबड्यांवर सुरी आणून ठेवली. आणि तुझं नाव! पुन्हा कोण तुझ्याकडून पिल्लू नेईल?

लगेच सेक्रेटरींना फोन लावला. म्हटलं, मी खोटं बोलले होते. ते अगदी शांतपणे म्हणाले, "काकू, सगळे असंच करतात. आधी खरं तोंडातून निघून जातं, मग घाबरून ते नाकारतात." आयुष्यात कुणी मला खोटारडी म्हटलं नव्हतं आणि आता खरं बोलत असताना म्हटलं. डॉक्टरीणबाईनेही त्यांना फोन केला. तिला म्हणाले, तुम्ही एकच पक्षी बघितलात, बाकीचे कुठे बघितले?

मग बेकरीवाल्यांना लावला. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "तुमच्या सुनेवर माझा राग नाही हो. पण माझ्याकडे दुसऱ्या कोंबड्याही आहेत, सगळ्या एकाच शेडमध्ये. मी वाट कशी बघू? काळजावर दगड ठेवूनच करायचंय." मागे भट्टीचा आवाज येत होता आणि त्यांचा आवाज मध्येच फाटला. मी हात जोडले, फोनवर ते दिसत नाहीत हे विसरून. शेवटी असं ठरलं की रविवारी मंडळाच्या मैदानावर मी सगळ्या कोंबड्या न्यायच्या. आत नाही, फाटकाबाहेर टेबल टाकतील तिथे. सेक्रेटरी स्वतः एकेक तपासतील. त्यांची खात्री पटली तर ठीक, नाहीतर बेकरीवाले त्याच दुपारी काम उरकतील.

आता दुसरी बाजू ऐक. तुझ्या नवऱ्याला सगळं सांगावं लागलं. मला वाटलं चिडेल. चिडला नाही. चहाचा कप फिरवत म्हणाला, "म्हणजे कोंबड्या धडधाकट आहेत."

"आहेत."

"मग रविवारी तिथूनच नेऊ दे त्यांना. मी गाडी काढतो."

इथेच सगळं अडलंय बघ. खोटं धरून बसले तर बेकरीवाल्यांची पिल्लं मरतात आणि तुझं नाव मातीत जातं. खरं पटवून दिलं तर साहेब जातो आणि त्याच्याबरोबर तुझी इतक्या वर्षांची मेहनत. मी दोन्हीकडून विचार करून बघितला. मरणारी पिल्लं आधी.

तुझ्या पाकिटाच्या मागचा पत्ता बहिणीचा नाही, हे मी पाहिलं. तळमजला, मागची बाजू, असं आहे. तिथे मोकळी जागा आहे का, हे लिहायला तुला पाचवी ओळ नको होती का गं?


२२ फेब्रुवारी

सूनबाई,

हे तुला वेळेवर मिळणार नाही, तरी लिहिते.

आज सगळ्यांना आंघोळ घातली. चिखलाने पाय माखलेल्या, शेपटाखाली घाण चिकटलेल्या कोंबड्या घेऊन गेले तर तपासायच्या आधीच लोक आजारी म्हणतील. मांडणीवर तुझी बाटल्यांची ओळ तशीच आहे, शेजारी मंडळाची नियमांची वही आणि कोंबड्यांच्या पायात घालायच्या रिंगांचा डबाही. डॉक्टरीणबाईला विचारून विचारून केलं. तीन टब, कोमट पाणी. पहिल्यात लहान मुलांचा शाम्पू, दुसऱ्यात चमचाभर व्हिनेगर, तिसऱ्यात नुसतं पाणी. छातीखाली हात धरून मानेपर्यंत बुडवायचं, तोंडावर थेंब उडू द्यायचा नाही. कापूस भिजला की आत केवढासा जीव असतो! साहेब भिजल्यावर इतका लहान आणि काळा निघाला की मीच ओशाळले. कुणाला असं बघू नये. तो मात्र ड्रायरची ऊब लागल्यावर डोळे मिटून, मान पुढे करून असा बसला की जणू न्हाव्याच्या खुर्चीत बसलाय.

शेवटची गादी. तिला पाण्यातून काढली आणि वीज गेली. यांच्या पिसांवरून पाणी ओघळत नाही, ते आत मुरतं आणि गारठ्याने कोंबडी बसल्या जागी मरते, हे डॉक्टरीणबाईने मला दहा वेळा बजावलं होतं. टॉवेल सगळे ओले. गादी लटलट कापत होती, चोच उघडी. मी स्वेटरची बटणं काढली आणि तिला आत घेतली, अगदी अंगाशी, वरून बटणं लावली आणि गॅसजवळ उभी राहिले. माझं ब्लाउज चिंब झालं. तिचं काळीज माझ्या बरगड्यांवर धाडधाड आपटत होतं. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. "मूठ उबवणाऱ्या बये, आता माझ्यावर मरू नकोस," हे त्यातलं सगळ्यांत सभ्य.

तेवढ्यात तुझा नवरा आत आला. दुकानातून गॅसची शेगडी घेऊन आला, पेटवली, स्वतःचा शर्ट काढून कोरडा कपडा म्हणून पुढे केला. दोघांनी मिळून तिला पुसली. पायांवरची पिसं तो एकेक करून सोडवत होता, तू करायचीस तशी. मी म्हटलं, "तुला येतं की सगळं." तो म्हणाला, "तिला करताना बघायचो ना." आणि मान फिरवली. मला वाटलं आता काही बोलेल. पण बोलला ते एवढंच, "उद्या सकाळी लवकर निघू. सेक्रेटरी पिंजरे आणणार आहेत."

गादी वाचली. कापूस परत फुलला आहे.


२३ फेब्रुवारी, बसमध्ये

सूनबाई,

अक्षर वाकडंतिकडं आहे, रस्त्याला बोल लाव. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुझ्या दारात उभी राहून हातात देईन, कारण तोंडाने सांगायला लागले की आपण भांडू आणि महत्त्वाचं राहून जाईल.

मैदानाच्या फाटकाबाहेर लांब एक टेबल टाकलं होतं. आतल्या बाजूला सगळं मंडळ ओळीने उभं, सगळ्यांचे हात खिशात. बेकरीवाले टोकाला, अंगावर पिठाचा कोट तसाच. कुणी नमस्कार केला नाही. तुझा नवरा खोकी उतरवत होता, मी एकेक कोंबडी टेबलावर ठेवत होते. सेक्रेटरींनी हातमोजे घातले. एकेकीला चालवून पाहिली. पायाची पकड पाहिली, पंख ताणून सोडले. मग टॉर्च काढून डोळे बघायला लागले, त्या रोगात बुबुळ राखाडी पडतं म्हणे. झुपक्यामुळे डोळा दिसेना. मी पुढे होऊन झुपका धरला. ते म्हणाले, "काकू, अजून वर धरा." साहेबाला त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ घेतला.

मफलर शेवटी. गेले दोन दिवस तिची मान सरळ होती, पण घाबरली की अजून कलते. टेबलावर ठेवल्याबरोबर कललीच. ओळीतून कुणीतरी "बघा" म्हणालं. मी तिच्या बाजूला खाली बसले, तोंड तिच्या तोंडाशी नेलं आणि खोलीत बोलते तशी बोलत राहिले. लोक बघताहेत याचं भान राहिलं नाही. तिने एक डोळा माझ्यावर लावला आणि हळूहळू, अगदी हळूहळू, डोकं सरळ केलं. मग चार पावलं नीट टाकून टेबलावर सांडलेला एक दाणा टिपला.

सेक्रेटरींनी टॉर्च खिशात ठेवली. "मरेक्सची मान अशी परत येत नाही. बाकीच्याही स्वच्छ आहेत." बेकरीवाले मटकन फाटकाच्या कठड्यावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते.

मी उभी राहिले आणि मंडळाला मोठ्याने सांगितलं, "मी खोटं बोलले होते. माझ्या सुनेने काही केलेलं नाही. तिच्या कोंबड्या तिच्या माघारी कुणाला जाऊ नयेत म्हणून मी बोलले. तुम्हाला बोल लावायचा तर मला लावा." आवाज चांगला फुटला. एक्स्चेंजचा आवाज आहे तो, शेवटच्या माणसापर्यंत जातो.

सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे, झालं गेलं. चला, पिंजरे आणतो." आणि साहेबाला हात घातला.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. साहेबाच्या पायातली रिंग वर केली आणि विचारलं, "ही रिंग कुणी घातली?"

"तुमच्या सुनेने."

"रिंग घालणाऱ्याने हो म्हटल्याशिवाय तुमच्या मंडळात पक्षी हलतो का?"

ते रिंगेकडे बघत राहिले. मी ओळीकडे वळले. "हलतो का हो?" मग बेकरीवाले कठड्यावरूनच म्हणाले, "नाही हलत. नियम आहे आपला." सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. त्यांनी साहेबाला सोडलं आणि तुझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात, तिची हरकत नाही."

आपल्या पोराला चारचौघांत मान खाली घालताना बघणं सोपं नसतं गं. मला त्याचा हात धरावासा वाटला. धरला नाही.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "अंगणात त्यांना जागा नाही, आई. उद्या बांधकामाचे लोक येताहेत. आता तूच सांग, कुठे न्यायच्या."

मी म्हटलं, "बसस्टँडवर सोड."

त्याला वाटलं, रागाने बोलतेय. मग माझ्याकडे बघितलं आणि कळलं. त्याने गाडी वळवली. खोकी त्यानेच एकेक करून बसमध्ये चढवली, मागची सीट सगळी भरली. कंडक्टर कुरकुरायला लागला तर त्याच्याशी भांडलासुद्धा. खोक्यांना वरून भोकं पुरेशी आहेत का ते बोट घालून बघितलं. मग खाली उतरून खिडकीशी उभा राहिला.

"कपडे नाही घेतलेस काही."

"पाठव."

"किती दिवस?"

"तिला विचार."

बस सुरू झाली तरी तो खिडकीच्या गजाला धरून चार पावलं चालला. म्हणाला, "तिला सांग..." आणि पुढचं बसच्या आवाजात गेलं. ते काय होतं हे मला माहीत नाही. उगाच बनवून सांगणार नाही. आठवड्याभरात खोटं पुष्कळ झालं.

माझ्या मांडीवर मफलर आहे. शेजारचा माणूस मघापासून विचारतोय, हे मांजर आहे का. तुझ्या नव्या घराची मागची बाजू कशी आहे, ऊन येतं का, जाळी आहे का, मला काही ठाऊक नाही. तू काय म्हणशील तेही नाही. पण मला तुझी आठवण येते, हे सांगायला एवढी पत्रं खर्ची पडली, तर ते आता नीट लिहूनच टाकते. येते. रोज येते.

मला आत घ्यायचं की नाही ते सावकाश ठरव. मी बाहेर बसते, बसायची मला सवय आहे. खोकी मात्र लगेच उघड. सकाळपासून एकीनेही चोच ओली केलेली नाही.

तुझी सासू